हजारावी तान कोणती?

प्रश्न: माझी मुलगी शास्त्रीय गायन शिकते. तिच्या वहीत ‘मेरुखंड’ असा मथळा देऊन सा रे ग म या चार सुरांच्या २४ ओळी उतरवून दिल्या आहेत. तिच्या बाई म्हणाल्या, साती सूर घेतले तर अशा ५०४० ओळी होतात. हा आकडा कसा येतो ते कॉलेजातल्या पर्म्युटेशनवरून मला अंधूक आठवतं. पण दोन शंका राहतात. सगळ्या ओळी लिहायला बसलं, तर एखादी सुटली किंवा दोनदा आली हे कळणार कसं? आणि कोणी विचारलं की हजारावी ओळ कोणती, तर आधीच्या ९९९ लिहाव्याच लागतील का?

उत्तर: नाही, लिहाव्या लागणार नाहीत. कागदावर चार-पाच वजाबाक्या केल्या की हजारावी ओळ थेट हाती येते. ती खाली काढूनही दाखवतो. तुमच्या या दोन्ही शंका सुमारे आठशे वर्षांपूर्वी देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या एका माणसाने मांडल्या होत्या आणि दोन्ही पूर्णपणे सोडवल्या होत्या. त्याचं नाव शार्ङ्गदेव, ग्रंथाचं नाव ‘संगीतरत्नाकर’.

आधी मोजणी उरकून घेऊ. पहिल्या जागी सातांपैकी कोणताही सूर ठेवता येतो. तो ठेवला की दुसऱ्या जागेसाठी सहा उरतात, तिसऱ्यासाठी पाच, आणि शेवटच्या जागी जो उरेल तो. म्हणून ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे ५०४०. अट एवढीच की प्रत्येक सूर एकदाच यावा आणि एकही सुटू नये. सूर निवडणं आणि निवडलेले सूर मांडणं यांत मात्र गल्लत करू नये. भूप गायचा तर सा रे ग प ध हे पाच सूर घेतले, ही झाली निवड. त्या पाचांना पुढेमागे करून १२० मांडण्या होतात. पर्म्युटेशन म्हणजे ही मांडणी. तिथे क्रम बदलला की वस्तूच बदलली.

हे आकडे किती वेगाने फुगतात, याचा अंदाज सहसा येत नाही. एक ओळ म्हणायला पाच सेकंद धरले, तर ५०४० ओळींना बरोबर सात तास लागतील. जिद्दीचा विद्यार्थी एका दिवसात म्हणेल. आता कोमल-तीव्र धरून सप्तकातले बाराही सूर घ्या. मांडण्या होतात ४७ कोटी ९० लाख १ हजार ६००. त्याच वेगाने न थांबता म्हणत राहिलं तर पंचाहत्तरहून अधिक वर्षं लागतील. फक्त पाच सूर वाढले आणि एका दिवसाचं काम एका आयुष्याएवढं झालं. म्हणूनच सगळ्या ओळी लिहून न काढता हवी ती शोधता येणं ही मोठी गोष्ट आहे.

शार्ङ्गदेवाचं घराणं मूळ काश्मीरचं. आजोबा दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेव तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सिंघणाच्या पदरी होता आणि त्याच्याकडे राज्याच्या हिशेबाचं काम होतं. संगीतावरचा इतका मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस पेशाने हिशेबनीस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वराध्यायात तो कूटतानांकडे, म्हणजे सुरांच्या अशा उलटसुलट मांडण्यांकडे, वळतो, तेव्हा त्यातली शिस्त जमाखर्चाच्या वहीची आहे. एका सुराची तान आर्चिक, दोनांची गाथिक, तिनांची सामिक, चारांची स्वरांतर, पाचांची औडुव, सहांची षाडव आणि सातांची पूर्ण. त्यांच्या संख्या अनुक्रमे १, २, ६, २४, १२०, ७२० आणि ५०४०. पुढे जाऊन तो ५६ मूर्च्छनांचा, म्हणजे सात सुरांच्या वेगवेगळ्या मूळ क्रमांचा, हिशेब धरतो आणि पूर्ण कूटतानांची एकूण संख्या २,८२,२४० सांगतो. ५०४० ला ५६ ने गुणून पाहा, जुळते.

पण संख्या सांगून तो थांबत नाही. ओळी लिहायच्या कशा याचाही नियम देतो. या यादीला तो प्रस्तार म्हणतो. तीन सुरांचा प्रस्तार असा होतो:

१. सा रे ग
२. रे सा ग
३. सा ग रे
४. ग सा रे
५. रे ग सा
६. ग रे सा

तुमच्या मुलीच्या वहीतल्या पहिल्या सहा ओळींतून शेवटचा ‘म’ झाकला, तर बहुधा हाच क्रम दिसेल. नियम साधा आहे. हाती असलेली ओळ डावीकडून वाचायची. प्रत्येक सुराशी थांबून विचारायचं: याच्या खाली, मूळ क्रमात याच्या आधी येणारा एखादा सूर लिहिता येईल का? त्यातला सगळ्यात जवळचा घ्यायचा. अट अशी की तो सूर उजवीकडे राहिलेला नसावा, नाहीतर तो दोनदा येईल. जागा सापडली की उजवीकडचं सगळं जसंच्या तसं उतरवायचं आणि डावीकडच्या रिकाम्या जागा उरलेल्या सुरांनी मूळ क्रमाने भरायच्या.

दुसऱ्या ओळीवर करून पाहू: रे सा ग. ‘रे’च्या खाली ‘सा’ लिहावा तर तो उजवीकडे आहेच. ‘सा’च्या आधी कोणी नाही. ‘ग’च्या खाली ‘रे’ चालतो. उजवीकडे काही नाही, डावीकडे उरलेले सा आणि ग मूळ क्रमाने. झाली तिसरी ओळ: सा ग रे. पुढची ओळ काढायला फक्त आधीची ओळ समोर लागते, बाकी यादी डोक्यात ठेवावी लागत नाही. सुरुवात सा रे ग म प ध नी पासून होते आणि शेवट नी ध प म ग रे सा वर. तिथे कोणत्याच सुराखाली काही लिहिता येत नाही, म्हणून यादी आपोआप संपते. नियम पाळला तर ओळ सुटत नाही की दोनदा येत नाही. तुमच्या पहिल्या शंकेचं हे उत्तर झालं.

हाच क्रम आणखी एका ठिकाणी दिसतो आणि तो आपल्याकडच्या पुष्कळ जैन घरांत आजही आहे. णमोकार मंत्राच्या पाच पदांना १ ते ५ अंक देऊन त्यांच्या उलटसुलट मांडण्यांची आनुपूर्वीची छोटी पुस्तिका असते. अंक दिसेल ते पद म्हणायचं. क्रम सतत बदलत असल्याने पाठांतरावर भागत नाही, मन त्यातच गुंतवावं लागतं. पाचांच्या मांडण्या १२०, म्हणून सहा-सहा ओळींची वीस कोष्टकं. पहिल्या कोष्टकात ४ आणि ५ शेवटी स्थिर असतात आणि आधीचे तीन अंक १२३, २१३, १३२, ३१२, २३१, ३२१ असे फिरतात. १ च्या जागी सा, २ च्या जागी रे आणि ३ च्या जागी ग ठेवून वरची यादी पुन्हा वाचा.

आता हजाराव्या तानेकडे. यासाठी शार्ङ्गदेवाने खंडमेरू नावाचं कोष्टक दिलं आहे. सात स्तंभ असतात आणि त्यांत हे आकडे:

पहिला: १
दुसरा: ०, १
तिसरा: ०, २, ४
चौथा: ०, ६, १२, १८
पाचवा: ०, २४, ४८, ७२, ९६
सहावा: ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००
सातवा: ०, ७२०, १४४०, २१६०, २८८०, ३६००, ४३२०

हे आकडे कुठून आले? प्रस्तारात शेवटचा सूर सगळ्यात सावकाश बदलतो. सात सुरांच्या यादीत पहिल्या ७२० ओळी ‘नी’वर संपतात, कारण आधीच्या सहा सुरांच्या मांडण्या ७२० आहेत. नंतरच्या ७२० ओळी ‘ध’वर संपतात, मग ‘प’वर, आणि असंच ‘सा’पर्यंत. ‘नी’ने संपणाऱ्या ओळीच्या आधी असा एकही गट गेलेला नसतो, ‘ध’ने संपणारीच्या आधी एक गेलेला असतो, ‘प’ने संपणारीच्या आधी दोन, म्हणजे १४४० ओळी. सातवा स्तंभ हेच सांगतो. सहावा स्तंभ सहाव्या जागेबद्दल तेच सांगतो, आणि तसंच खालपर्यंत.

आता या कोष्टकातली खरी देखणी गोष्ट पाहा. प्रत्येक स्तंभातून एकेक आकडा उचलून बेरीज करायची. पहिल्या दोन स्तंभांतून बेरजा मिळतात १ आणि २. तिसऱ्याचे ०, २, ४ त्यात मिळवले की १ ते ६. चौथ्याचे ०, ६, १२, १८ मिळवले की १ ते २४. प्रत्येक नवा स्तंभ आधीचा जिथे संपला तिथूनच पुढे सुरू होतो, मध्ये फट नाही आणि एकावर एक चढणंही नाही. सातवा स्तंभ जोडल्यावर १ ते ५०४० यांतली प्रत्येक संख्या एकदाच आणि एकाच प्रकारे मिळते. सगळ्या स्तंभांतले शेवटचे आकडे घ्या: ४३२० + ६०० + ९६ + १८ + ४ + १ + १. बेरीज ५०४०. यादीतल्या प्रत्येक तानेला तिचा स्वतःचा पत्ता मिळाला, आणि कोणत्याही दोन ताना एका पत्त्यावर राहत नाहीत.

तान दिली असता तिचा क्रमांक काढणं याला उद्दिष्ट म्हणतात. चार सुरांवर पाहू. समजा तान आहे म सा ग रे. शेवटचा सूर ‘रे’. मूळ क्रम सा रे ग म हा मागून मोजला, तर ‘रे’च्या आधी ‘म’ आणि ‘ग’ असे दोन सूर लागतात. म्हणून चौथ्या स्तंभातली दोन पायऱ्यांची संख्या, १२. ‘रे’ खोडला. उरला मूळ क्रम सा ग म आणि उरली तान म सा ग. शेवटी ‘ग’. मागून मोजताना त्याच्याआधी एकटा ‘म’, म्हणून तिसऱ्या स्तंभातून २. ‘ग’ खोडला. उरली तान म सा, शेवटी ‘सा’, त्याच्याआधी ‘म’, म्हणून दुसऱ्या स्तंभातून १. आणि पहिल्या स्तंभाचा १ असतोच. १२ + २ + १ + १ = १६. मुलीच्या वहीत सोळावी ओळ पाहा. शार्ङ्गदेवाच्या वेळी हे काम कोष्टकाच्या घरांत खडे सरकवून करत.

याच्या उलट, क्रमांकावरून तान काढणं म्हणजे नष्ट. हजारावी काढू. सातव्या स्तंभातून १००० पेक्षा लहान असा सर्वांत मोठा आकडा घ्यायचा: ७२०. उरले २८०. ७२० ही एका पायरीची संख्या, म्हणून मागून एक सोडून पुढचा सूर: शेवटी ‘ध’. तो खोडला, राहिले सा रे ग म प नी. सहाव्या स्तंभातून २८० पेक्षा लहान सर्वांत मोठा २४०, दोन पायऱ्या. मागून नी आणि प सोडले की ‘म’. सहाव्या जागी ‘म’. उरले ४०, आणि सूर सा रे ग प नी. पाचव्या स्तंभातून २४, एक पायरी, म्हणून ‘प’. उरले १६, आणि सूर सा रे ग नी. चौथ्यातून १२, दोन पायऱ्या, म्हणून ‘रे’. उरले ४, आणि सूर सा ग नी. तिसऱ्या स्तंभात ४ आहेत, पण ते घेतले तर शेवटी शून्य उरेल, आणि पहिल्या स्तंभासाठी १ तर राखायलाच हवा. म्हणून २ घ्यायचे. एक पायरी, म्हणजे ‘ग’. उरले २, आणि सूर सा नी. दुसऱ्यातून १, एक पायरी, म्हणून ‘सा’. आता उरला १ आणि उरला ‘नी’.

हजारावी तान: नी सा ग रे प म ध. पडताळा: ७२० + २४० + २४ + १२ + २ + १ + १ = १०००.

पर्म्युटेशन म्हटलं की आपल्याकडे सूत्र पाठ करून आकडा काढला आणि विषय संपला, असं शिकवलं जातं. मला ते अपुरं वाटतं. ५०४० ही संख्या कळली म्हणून त्यातली एकही तान भेटत नाही. मांडण्यांच्या गर्दीत क्रम लावणं आणि प्रत्येकीला शोधता येईल असं करणं, यात या विषयाचा खरा जीव आहे, आणि नववी-दहावीच्या मुलालाही तो सहज समजावता येतो. युरोपात या पद्धतीची संख्यालेखनाची रीत १८८८ मध्ये फ्रेंच गणिती शार्ल-आँज लेझाँ यांनी मांडली. संगणकाच्या जमान्यात, १९६० मध्ये, अमेरिकेच्या डेरिक लेमर यांनी तिचा उपयोग केला, म्हणून आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. रुबिक क्यूब सोडवणारा प्रोग्रॅम आठ कोपऱ्यांच्या ४०,३२० मांडण्या अशाच क्रमांकांनी साठवतो. मांडणी दिसली की तिचा क्रमांक काढायचा आणि त्या घरात लिहिलेली माहिती उचलायची. शार्ङ्गदेवाच्या उद्दिष्टाचंच हे काम आहे. नारायण पंडितांनी १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त अंकांच्या मांडण्या चढत्या क्रमाने एकामागून एक लिहिण्याची रीत दिली. आजच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत तयार मिळणारी ‘पुढची मांडणी’ काढण्याची सोय त्याच तत्त्वावर चालते.

राहिला रियाजाचा भाग. मेरुखंडाचा अभ्यास विशेष जपला तो भेंडीबाजार घराण्याने. मुरादाबाद-बिजनौर भागातून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या भेंडीबाजारात राहिले, आणि त्यांच्या गायकीला त्या वस्तीचं नाव पडलं. गोव्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या विलंबित आलापीत मेरुखंडाचा विचार सर्वांत मोकळेपणाने ऐकू येतो. एखादे चार सूर घेऊन ते किती बाजूंनी फिरवतात, ते कान देऊन ऐका. पण ५०४० ओळी गाणं नव्हे. राग आपली चाल ठरवून येतो. काही मांडण्या त्याला मुळीच चालत नाहीत, काही फक्त उतरताना चालतात. गणित सगळ्या वाटा दाखवून मोकळं होतं, कोणत्या वाटेने जायचं हे राग आणि गुरू सांगतात. तरीही सगळ्या वाटा एकदा पायाखालून गेलेल्या असल्या, की गाताना नेमकी हवी ती सापडते. मुलीचा मेरुखंड सोडू देऊ नका.

प्रश्न: शंकराच्या दहा हातांतल्या आयुधांचं गणित ‘लीलावती’त आहे असं ऐकलं. खरं आहे का? आणि मांडायच्या वस्तूंत काही एकसारख्या असतील तर काय करायचं?

उत्तर: खरं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे, त्यात हे उदाहरण येतं. पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधं दहा हातांत अदलून-बदलून दिली तर शंभूच्या मूर्तींचे भेद किती? उत्तर ३६,२८,८००. त्याच श्लोकात विष्णूही आहे: चार हात, आणि गदा, चक्र, कमळ, शंख. उत्तर २४.

विष्णूचं उदाहरण केवळ गणितापुरतं नाही. मूर्तिशास्त्रात विष्णूच्या चोवीस मूर्ती मानल्या आहेत. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावं संध्येत घेतली जातात, तीच त्यांची नावं. चारही हातांत तीच चार आयुधं असतात आणि कोणतं कोणत्या हातात यावरून मूर्तीचं नाव ठरतं. कोणत्या मांडणीला कोणतं नाव, याबाबत ग्रंथागणिक थोडा फरक आहे. पण मांडण्या चोवीसच असल्याने नावंही चोवीसच लागली. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या देवळात किंवा संग्रहालयात चतुर्भुज विष्णू दिसला, तर हातातली आयुधं खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या दिशेने टिपून घ्या.

भास्कराचार्य मांडण्या मोजून थांबत नाहीत, त्यांतून होणाऱ्या संख्यांची बेरीजही विचारतात. ३, ९ आणि ८ या अंकांनी तीन अंकी संख्या होतात सहा. त्या न लिहिता बेरीज कशी काढायची? प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी दोनदा येतो. अंकांची बेरीज २०, तिची दुप्पट ४०. म्हणजे एककाच्या रांगेची बेरीज ४०, दशकाचीही ४० आणि शतकाचीही ४०. चाळीस गुणिले १११, उत्तर ४४४०. असंच २ पासून ९ पर्यंतच्या आठ अंकांचंही ते विचारतात. तिथे संख्या ४०,३२० होतात आणि रीत तीच राहते.

एकसारख्या वस्तूंचं म्हणाल, तर त्याचाही नियम तिथेच आहे. सारख्या वस्तू आपापसांत बदलल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून तेवढ्या पटीने भागायचं. त्यांचं उदाहरण २, २, १, १ असं आहे. चार वस्तूंच्या मांडण्या २४. दोन सारख्या २ साठी २ ने भागा, दोन सारख्या १ साठी पुन्हा २ ने. राहिल्या सहा: २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२. त्यांची बेरीज ९९९९. वरच्या प्रश्नातल्या वाचकांनीही हे ध्यानात घ्यावं. सरगमीत सा दोनदा घेऊन सा सा रे ग अशा मांडण्या केल्या तर त्या २४ न होता १२ होतील.

इथे एक दुवा सांगायलाच हवा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचं नमूद आहे. हा चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. शार्ङ्गदेवही त्याच सिंघणाच्या पदरी. अंकपाशाचा वारसा सांगणारा आणि खंडमेरू लिहिणारा, दोघंही एकाच राजाच्या आश्रयाला होते. यावरून एकाने दुसऱ्याचं उचललं असा तर्क करू नये, कारण छंदशास्त्रात प्रस्तार, नष्ट आणि उद्दिष्ट ही परंपरा पिंगलापासून चालत आली आहे. पण त्या काळच्या महाराष्ट्रात मांडण्यांचा विचार किती घरचा झाला होता, हे यावरून दिसतं.

प्रश्न: सगळ्याच्या सगळ्या ५०४० मांडण्या कोणी प्रत्यक्ष वाजवून पाहिल्या आहेत का?

उत्तर: हो, आणि पुष्कळदा. पण सुरांच्या ताना म्हणून नव्हे, चर्चच्या घंटांवर. इंग्लंडमध्ये चर्चच्या मनोऱ्यात लहानमोठ्या घंटांचा संच असतो आणि प्रत्येक घंटेच्या दोरापाशी एक माणूस उभा असतो. ही माणसं रागदारीसारखी धून वाजवत नाहीत. ती मांडण्या वाजवतात: सगळ्या घंटा एका क्रमाने एकदा, लगेच दुसऱ्या क्रमाने एकदा, आणि एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सतराव्या शतकात ही कला तिथे चांगलीच रुजली होती. फेबियन स्टेडमन यांनी तिच्यावर १६७७ मध्ये पुस्तक लिहिलं. १७१५ मध्ये नॉर्विच शहरातल्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये सात घंटांच्या सगळ्या ५०४० मांडण्या न थांबता वाजवल्या गेल्या. तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. आठ घंटांच्या ४०,३२० मांडण्या १९६३ मध्ये लफबरो इथे आठ जणांनी सलग वाजवल्या. तेव्हा सुमारे अठरा तास गेले, आणि त्या अठरा तासांत एकानेही हातातला दोर सोडला नाही.

शार्ङ्गदेवाचा प्रस्तार मात्र त्यांना चालणार नाही. घंटा जड असते, ती डुलत राहते. तिचा ठोका थोडा लवकर किंवा थोडा उशिरा पाडता येतो, एवढंच. म्हणून एका मांडणीतून पुढच्या मांडणीत जाताना कोणतीही घंटा फार तर एक जागा सरकू शकते. वरच्या यादीत दुसऱ्या ओळीतला पहिला ‘रे’ तिसऱ्या ओळीत थेट शेवटी गेला आहे. घंटेला ती उडी झेपत नाही. तेव्हा सगळ्या मांडण्या येतील, एकही पुन्हा येणार नाही आणि प्रत्येक वेळी शेजारचेच जागा बदलतील, असा क्रम शोधावा लागतो. तीन सुरांवर तो असा लागतो: सा रे ग, रे सा ग, रे ग सा, ग रे सा, ग सा रे, सा ग रे. यानंतर शेवटचे दोन बदलले की पुन्हा सा रे ग. प्रत्येक पायरीवर फक्त दोन शेजारी जागा बदलतात आणि सहा ओळींचा फेरा पुरा होतो.

चार सुरांवरही असा चोवीस ओळींचा फेरा आहे. वाचकांनी तो कागदावर काढून पाठवावा. एक सूचना: ‘म’ला शेवटून सुरुवातीपर्यंत एकेक जागा सरकवत न्या, तो टोकाला पोचला की उरलेल्या तिघांत वरच्या फेऱ्यातली एक पायरी टाका, आणि मग ‘म’ला पुन्हा मागे आणा.